मस्के सर आणि तुटलेली पिन

"गंगाधरराव, जरा या. बघा."

हे चार शब्द मी एकोणीस वर्षं ऐकले. दिवसातून एकदा तरी. कधी मी वेल्डिंगच्या ठिणग्यांत, कधी हातात जेवणाचा डबा, कधी गाडी चुकायला आलेली. मस्के सरांना त्याचं काही नाही. प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून, चष्मा कपाळावर चढवून बोलावणार. मग मी हात पुसायचे, एक डोळा मिटायचा, मायक्रोस्कोपात डोकवायचं आणि म्हणायचं, "छान." त्यावर सर हमखास चिडणार. "छान काय? साडी आहे का ती? काय दिसलं ते सांगा." काय दिसणार कप्पाळ! मला पांढऱ्यावर काळ्या रेघा दिसायच्या.

आमचं तंत्रनिकेतन परभणीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. मी तिथं वर्कशॉपचा इन्स्ट्रक्टर, पूर्णेहून रोज रेल्वेनं येणारा. तोंडानं फटकळ, हे मीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको. सर धातुशास्त्र शिकवायचे. लोखंड, पितळ, तांबं वाकवलं, ठोकलं, ताणलं, तर त्याच्या पोटात काय होतं हा त्यांचा विषय. तरुणपणी ते पुण्यात ह्याच्यावरच संशोधन करत होते म्हणे. ते अर्धवट टाकून इकडे का आले, हे मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला आणि विषय बदलला.

लोखंडात बारीक कण असतात, एकमेकांना चिकटून बसलेले, हे मला सरांनी सांगितलं. टेकडीवरून खाली बघितलं की शेतं आणि बांध दिसतात ना, तसे. साध्या लोखंडात ते गोलसर असतात. त्यावर जोर पडला, ते वाकलं किंवा ताणलं गेलं, की कण लांबट होतात, एका अंगाला झुकतात. सर म्हणायचे, "मार खाल्लेलं लोखंड लपवू शकत नाही, गंगाधरराव. माणूस लपवतो." हे बोलताना ते माझ्याकडे न बघता टेबलावरच्या तुकड्याकडे बघायचे. गावोगावचे मोडके तुकडे असायचे ते: विळा, नांगराचा फाळ, बोअरच्या पंपाचा दांडा, कुणाच्या सायकलचं पायडल. लोक भंगारात टाकायचे, सर मागून आणायचे.

त्यांच्याकडे कथलाची एक कांडी होती. आमच्या गल्लीतल्या कल्हईवाल्याकडून मीच आणून दिली होती. ती कानाजवळ नेऊन हळूच वाकवली की आतून कर्र असा बारीक आवाज येतो. एकदा सरांनी ती ऑफिसातल्या शिंदेबाईंच्या कानाशी धरली. बाई दचकल्या. "अग्गोबाई, रडतंय की हो हे!" सर इतके खूश झाले की काय सांगू! आतले कण एकदम कूस बदलतात, त्याचा हा आवाज, असं त्यांनी बाईंना पंधरा मिनिटं समजावलं. दुसऱ्या दिवशी बाईंसाठी नवी कांडी घेऊन हजर. तेव्हा बाईंपुढे परीक्षेच्या फॉर्मांचा ढीग होता. "ठेवा तिथं सर, मागून ऐकते," त्या म्हणाल्या. आठवडाभर ती कांडी फॉर्मांखाली पडून राहिली. मग एका दुपारी सर आले, बाई जागेवर नव्हत्या, त्यांनी ती गुपचूप उचलली आणि खिशात घालून घेऊन गेले. मी खिडकीतून बघत होतो. मला लय वाईट वाटलं, पण गेलो नाही.

आणखी एक सांगतो. आमच्या प्राचार्यांनी पोखर्णीला नृसिंहाचा नवस फेडला, सगळ्या स्टाफला जेवण होतं. आम्ही दर्शन घेऊन सावलीत गप्पा मारत बसलो, आणि सर कुठं? आचाऱ्याजवळ! बुंदी पाडायच्या झाऱ्याचा दांडा वाकला होता, आचारी तो दगडावर ठोकून सरळ करत होता. सर त्याच्यापुढे उकिडवे बसलेले. "एकदा वाकवलं की तिथलं लोखंड कडक होतं. आता हा इथून वाकणार नाही, शेजारून वाकेल. आणि सारखं असंच केलंत तर इथंच तुटेल."

"सर, पंगत बसायलीय," आचारी म्हणाला. "बुंदी पाडायची ऱ्हायलीय. तुमी जरा तिकडं सरका."

सर सरकले. पण हलले नाहीत. शेवटच्या पंगतीला आचाऱ्यांबरोबरच जेवले. झारा काही तुटला नाही. परत येताना जीपमध्ये सगळे झोपेला आलेले, सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुटेल." आम्ही खो खो हसलो. तेही हसले, पण जरा उशिरा.

त्यांची बायको पुण्याला मुलीकडे गेली ती तिकडचीच झाली. भांडण नव्हतं. संध्याकाळी सहाला फोन यायचा, सर कॉरिडॉरमध्ये उभे राहून बोलायचे. "हो. जेवलो. हो, गोळी घेतली. बरं." संपलं. दिवसभर काय बघितलं हे त्यांना त्या फोनवर कुणी विचारत नसावं, कारण फोन ठेवला की ते सरळ वर्कशॉपच्या दारात येऊन मलाच हाक मारायचे. रविवारीसुद्धा कुलूप उघडून प्रयोगशाळेत बसायचे. एकटा माणूस, दुसरं काय. मी नाक मुरडत जायचो, पण जायचो.

आता त्यांच्या कामाची पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक तुकडा बघायला सरांना तीन दिवस लागायचे. तो पाणी सोडत सोडत हळू कापायचा. मग जाड्या पॉलिश पेपरपासून बारीक पेपरपर्यंत घासायचा, दर पेपरला दिशा बदलायची. मग मखमलीवर. मग ॲसिडात बुडवायचा, बघायचा, पुन्हा मखमलीवर घासायचा, पुन्हा ॲसिडात. असं तीनदा. मी चिडवायचो, "सर, पॉलिश करायलाव का लगीन लावायलाव?" ते शांतपणे म्हणायचे, "कापताना, घासताना आपणच वरचा थर चेंगरतो. पहिल्यांदा दिसतं ते आपलं असतं, लोखंडाचं नाही. तो थर गेल्याशिवाय बोलायचं नाही."

तर हा माणूस आयुष्यात एकदा थर जाण्याआधी बोलला.

सोयाबीनचे दिवस होते. बोरीच्या अलीकडच्या चढावर एका ट्रॅक्टरची ट्रॉली सुटली. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी पिन तुटली, भरलेली ट्रॉली मागे घरंगळत जाऊन उलटली. पोत्यांवर एक पोरगा बसला होता, तो जागीच गेला. ट्रॅक्टर चालवणारा मारुती, मेंढपाळाच्या घरातला. त्याच्या घरात स्टिअरिंगवर बसलेला तो पहिलाच. आणि गेलेला पोरगा त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

ट्रॉलीचा मालक तुटलेली पिन घेऊन आमच्याकडे आला. त्याची प्राचार्यांशी चांगली ओळख. पिन का तुटली ते लिहून पाहिजे, आणि आजच पाहिजे. पिन आधीपासून खराब असेल तर दोष मालकाचा. चढावर झटका देऊन जोर टाकला असेल तर मारुतीचा. सर म्हणाले, तीन दिवस लागतील. प्राचार्य म्हणाले, "अहो मस्के, पाव्हणे बसलेत. एका पिनीला तीन दिवस?" सरांनी माझ्याकडे बघितलं.

त्या दिवशी माझ्या साडूच्या पोरीचा साखरपुडा होता पूर्णेला. मला दोनची गाडी पकडायची होती. मी म्हणालो, "द्या इकडं सर, मी कापतो. घंटाभरात मोकळं." पाण्याची वाट कोण बघतो! व्हाइसमध्ये पिन करकचून आवळली, हॅकसॉनं तुटल्या कडेजवळून खर्र खर्र कापली आणि तुकडा ग्राइंडरला लावला, लाल होईस्तोवर. सर म्हणाले, "हळू, हळू." मी म्हणालो, "लोखंडच हाय सर, काय दुखायलंय का त्याला?" मग त्यांनी घाईघाईनं पेपर मारले, एकदाच ॲसिडात बुडवलं आणि बघितलं. कडेचे कण लांबट, चेंगरलेले, एका अंगाला झुकलेले. सरांनी लिहिलं: पिनीवर अचानक जास्त जोर आल्यामुळे तुटली. सही केली. मालक कागद घेऊन गेला, मी दोनची गाडी पकडली. साखरपुड्यात जिलेबी होती, हेही मला आठवतं.

त्या कागदानं काय केलं ते आम्हाला फार मागून कळलं. मालकानं तो मारुतीच्या सासऱ्याला वाचून दाखवला. "कॉलेजच्या साहेबानं लिहून दिलंय, तुमच्या जावयानंच झटका देला." म्हाताऱ्यानं लेकीला, सुभद्राला, माहेरी नेलं ते परत धाडलंच नाही. मारुतीला पुन्हा कुणी ट्रॅक्टरवर बसवलं नाही. तो मेंढ्यांमागं निघून गेला.

दोन वर्षं गेली. डब्यातला तो तुकडा काळवंडला होता, पोरांना शिकवायला म्हणून सरांनी नव्यानं पॉलिश करायला घेतला. ह्या वेळी त्यांच्या पद्धतीनं, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी मला हाक आली. मी डोळा लावला. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नीट दिसलं. चेंगरलेले कण गायब. सगळे गोलसर, जसेच्या तसे. आणि कडेकडून आत शिरलेली एक काळी फट, तिच्यात गंज भरलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"जुना तडा," सर म्हणाले. "महिनोन् महिने वाढत आलेला. गंज काय एका दिवसात बसत नाही."

"मग तवा का दिसला नाही?"

"चेंगरलेलं लोखंड फटीत बसलं होतं. फट बुजली." त्यांनी चष्मा काढला. "जोराच्या खुणा मी बघितल्या त्या मारुतीच्या नव्हत्या."

कुणाच्या होत्या ते त्यांनी म्हटलं नाही. मला कळलं. माझ्या व्हाइसच्या होत्या, माझ्या ग्राइंडरच्या. मी म्हणालो, "सर, आता कशाला उकरायलाव? मेलेला पोरगा येणार हाय का?" हे मी बोललो. मला त्याची अजून लाज वाटते.

सर प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, झालं गेलं, कॉलेजचं नाव खराब होईल. सर पोलीस ठाण्यात लेखी देऊन आले. मग मारुतीला शोधायला निघाले, आणि मी सोबत गेलो, कारण न जाणं मला जमलं नाही. तो जिंतूरकडे एका काढणी झालेल्या रानात सापडला. खतासाठी शेतकऱ्यानं त्याच्या मेंढ्या बसवून घेतल्या होत्या. सरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मारुती काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता.

"पिन जुनी हाय हे मी मालकाला धा बार सांगितलं हुतं," तो म्हणाला. "मी झटका देला न्हाई हे मला ठावं हाय सर. मला काय सांगायलाव? तिच्या बापाला सांगा."

म्हणून सर मायक्रोस्कोप घेऊन गेले. नुसता कागद घेऊन नाही! एका कागदावर त्या घराचा भरवसा बसला होता, दुसऱ्यावर कसा बसेल, असं सरांचं म्हणणं. ते धूड लाकडी पेटीत घालून आम्ही एसटीनं बोरी फाट्याला उतरलो आणि तिथून आत गावात चालत गेलो. मारुतीला दिवस कळवला होता, तो आमच्या आधीच येऊन गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. सासऱ्याच्या दारात यायची त्याची हिंमत नव्हती.

सासरा आसाराम, वाळलेला म्हातारा, ओट्यावर बसलेला. सरांनी कोण, कशाला आलो ते सांगितलं. म्हातारा उठला नाही, बसा म्हणाला नाही. मायक्रोस्कोपाचा दिवा लावायला लाईट नव्हती. "तीनला येती," कुणीतरी म्हणालं. तेव्हा दीड वाजला होता. दीड तास सर ओट्याच्या टोकाला पेटीला हात लावून बसून राहिले. आजूबाजूला माणसं जमली, कुजबुजली. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी पुढे केला नाही. आमच्या भागात वैऱ्यालाही पाणी विचारतात.

लाईट आली. सरांनी तुकडा ठेवला, भिंग जुळवलं, बाजूला झाले. म्हातारा वाकला. किती तरी वेळ तो वर आला नाही.

"ही काळी रेघ?"

"तीच. आत गंज आहे. पोरगा ट्रॉलीवर बसला त्याच्या लय आधीपासूनची."

मग सुभद्रा आली. डोक्यावरचा पदर सावरून तिनं डोळा लावला. सरांनी लिहून आणलेलं पत्र तिच्या हातात दिलं. सातवीपर्यंत शिकलेली, 'अहवाल' शब्दाला अडखळली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मी दिलेला अहवाल चुकीचा आहे. पिनीला आधीपासून तडा होता. मारुतीने गाडी कितीही सांभाळून चालवली असती तरी ती पिन तुटणारच होती. चूक माझी आहे. खाली सही, तारीख.

वाचून झाल्यावर ती कागदाकडेच बघत राहिली. "दोन वर्सं," ती म्हणाली. "दोन वर्सं मी त्यांच्या तोंडाकडं बगितलं न्हाई. भावाला खाल्लं म्हणून." आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. गल्लीच्या तोंडाशी मारुती उभा होता, त्याला ऐकू गेलं असणार. पण तो जागचा हलला नाही.

म्हातारा सरांच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला. "तवाच का न्हाई दिसलं तुमाला? येवढे शिकलेले तुमी."

"घाईत कापलं गेलं. करकचून आवळून, पाण्याशिवाय. त्यानं फट बुजली."

"कापलं कुणी?"

मी सरांच्या उजव्या बाजूला उभा होतो. हातभर अंतरावर. आता सर माझ्याकडे बघतील, निदान एकदा बघतील, असं वाटलं.

"मी," सर म्हणाले. "मीच कापलं."

म्हाताऱ्यानं त्यांच्या कानाखाली मारली नाही, शिवी दिली नाही. "तुमच्या घाईनं माजी लेक दोन वर्सं नवरा असून रांडमुंड ऱ्हायली," एवढंच म्हणाला, हळू आवाजात, साऱ्या गल्लीदेखत. सरांनी हात जोडले. मी मायक्रोस्कोपाची वायर गुंडाळायला लागलो.

पुढचं सांगून टाकतो. आठ दिवसांत सुभद्रा नांदायला गेली. मारुती आता पुन्हा ट्रॅक्टर चालवतो, दुसऱ्याचा. पुढच्या वर्षी सर रिटायर झाले, त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी रजा टाकली. मुद्दाम टाकली. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला, बाबा गेले म्हणून. "तुमच्याबद्दल फार बोलायचे. तिकडे त्यांना तुम्ही एकटेच मित्र होता ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

डोळे मिटले की मला मात्र ते त्या दिवशीच्या परतीच्या एसटीतच दिसतात. बोरी फाट्यावर गाडी आली. मी पेटी धरायला पुढे झालो, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि ती स्वतः उचलून चढले. गाडी अर्धी रिकामी. ते खिडकीशी बसले, पेटी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. शेजारची जागा मोकळी होती. मी ती ओलांडून दोन बाकं मागे जाऊन बसलो. कंडक्टर आला तेव्हा सरांनी दोन परभणी सांगितली. मला पुढे त्यांचं डोकं दिसत होतं, मानेवरचे पांढरे केस, आणि शर्टाच्या कॉलरवर घामाचा ओला पट्टा. परभणी येईपर्यंत ते एकदाही मागे वळले नाहीत, आणि ते वळू नयेत, एवढंच मी मनातल्या मनात म्हणत होतो.